पाचशे वॉट, लिटरभर पाणी

संगणक जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. गणिते होतात, पडद्यावर चित्रे हलतात, पण त्यासाठी खर्ची पडलेल्या विजेचा शेवट उष्णतेतच होतो. कचेरीतला साधा डेस्कटॉप पन्नास-साठ वॉटवर भागतो. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड घालून जुळवलेला गेमिंग संगणक मात्र खेळ रंगात आला की पाचशे वॉटच्या आसपास जातो. त्यात एकट्या कार्डाची कमाल मर्यादा ३६० वॉट. रोज चार तास खेळ चालला तर महिन्याला साठ युनिट वीज जळते आणि तेवढी उष्णता खोलीत येते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढू शकतो. त्याचा सातवा हिस्सा हा एक संगणकच खातो.

म्हणून सुटे भाग निवडणे आणि ते थंड ठेवण्याची व्यवस्था करणे हे दोन वेगळे विषय मानता येत नाहीत. प्रत्यक्षात तसे मानले जाते. आधी बजेट संपेपर्यंत भाग घेतले जातात आणि कूलर उरलेल्या पैशांत बसवला जातो. किंवा त्याच्या उलट, काचेच्या कॅबिनेटमधून रंगीत पाणी वाहताना दिसावे म्हणून इतका खर्च होतो की कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागते. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते.

संगणकात पाणी फिरवण्याची कल्पना गेमिंगच्या कितीतरी आधीची आहे. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात चिप बसवलेल्या मॉड्यूलवरून थंड पाणी नेलेले होते आणि मॉड्यूलच्या पोकळीत हेलियम भरलेला होता. १९८५च्या क्रे-२ या महासंगणकाची सर्किटे तर फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेलीच असत. घरगुती हौशी मंडळी या वाटेला लागली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर, बसचा वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ४५० मेगाहर्ट्‌झवर धावत असे. असा फुकटचा वेग पदरात पडायला लागल्यावर तापमानाची चिंता आली. तेव्हा बाजारात तयार काहीच नव्हते. भंगारातल्या मोटारीच्या हीटरची जाळी हा रेडिएटर, मत्स्यपेटीचा पंप हा पंप आणि ओळखीच्या खरादवाल्याकडून कोरून घेतलेला तांब्याचा ठोकळा, अशी ती जुळवाजुळव होती. डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने पंप त्या ठोकळ्यावरच बसवून कारखान्यातच सीलबंद केलेला संच तयार केला आणि २००९ साली कॉर्सेअरच्या एच५० या नावाने तो दुकानात पोहोचला. पाणी भरायचे नाही, नळ्या जोडायच्या नाहीत. आज ज्याला सगळे एआयओ म्हणतात तो हाच प्रकार. पंपाच्या त्या जागेवरून पेटंटचे खटले पुढे वर्षानुवर्षे चालले. दुसऱ्या टोकाला, पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातही चिपला थेट भिडवलेल्या थंड पट्टीतून पाणी खेळवण्याचीच पद्धत वापरली आहे.

भाग निवडताना सुरुवात प्रोसेसरपासून करण्याची सवय जुनी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोटेशन मागितले की पहिली ओळ अजूनही प्रोसेसरचीच येते. गेमिंगसाठी सुरुवात मॉनिटरपासून करावी. १०८०पीच्या पडद्यावर २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा रंगवायचे असतील तर प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ वेळा रंगवायचे तर ६.९, २४० वेळा तर जेमतेम ४.२. ठिपके वाढले की भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. चित्रांचा वेग वाढला की प्रोसेसरही घामाघूम होतो, कारण प्रत्येक चित्राआधी खेळातली प्रत्येक हालचाल, टक्कर आणि गोळी त्याला मोजावी लागते. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट १०८०पीवर शेकडो फ्रेमनी खेळणाऱ्याची गरज आणि सायबरपंक २०७७ सगळ्या प्रकाश-परिणामांसह फोर-केवर पाहू इच्छिणाऱ्याची गरज वेगळी असते. दोघांना एकच कोटेशन देणारा दुकानदार सरळ टाळावा.

पडदा ठरला की कार्ड ठरते. एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास रक्कम त्यावर जावी. जास्त गेली तरी हरकत नाही. कार्डाच्या मेमरीकडे मात्र बारकाईने पाहावे. आठ जीबीचे कार्ड १०८०पीवर चालते, पण नव्या खेळांत टेक्स्चर पूर्ण दर्जाची ठेवली की ते अडखळते. १४४०पीसाठी बारा आणि निश्चिंत राहायचे तर सोळा जीबी. ५०८०मध्ये सोळा आहेत. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९०मध्ये बत्तीस आहेत, पण त्याची मर्यादा ५७५ वॉट. अशा कार्डाने एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग), कॅबिनेट, पंखे आणि विजेचे बिल, सगळ्यांचीच गणिते बदलतात.

प्रोसेसरच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक सुखद गोष्ट घडली. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांनी कोअर किंवा मेगाहर्ट्‌झ न वाढवता खेळातला वेग वाढवला, तो जास्तीच्या कॅश मेमरीच्या जोरावर. ९८००एक्स३डीमध्ये आठच कोअर आहेत, पण एल३ कॅश ९६ एमबी. आधीच्या ७८००एक्स३डीत हा जास्तीचा कॅश कोअरच्या डोक्यावर बसवलेला होता, त्यामुळे कोअरची उष्णता त्या थरातून वाट काढत वर येई. नोव्हेंबर २०२४च्या ९८००एक्स३डीत तो कोअरच्या खाली गेला आणि कोअर कूलरच्या जवळ आले. खेळताना हा प्रोसेसर बहुधा शंभर वॉटच्या आतच राहतो. याउलट इंटेलच्या कोअर आय९-१४९००केची कमाल मर्यादा २५३ वॉट. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांचा अस्थिरतेचा दोष २०२४मध्ये कंपनीने मान्य केला, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर घेण्याआधी हे ध्यानात असावे. मदरबोर्डचा बायोस ताजा करणे ही पहिली अट.

मदरबोर्डवर फार पैसे घालवण्याचे कारण नाही. बी८५० चिपसेटचा मध्यम दर्जाचा बोर्ड ९८००एक्स३डीला पुरतो; २०२२ साली सुरू झालेले एएम५ सॉकेट निदान २०२७पर्यंत चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. रॅम सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५-६०००. चार पट्ट्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो. आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो हा रॅमच्या पूर्ण वेगाचा पर्याय चालू करायला विसरू नये, नाहीतर ६०००ची रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. असे संगणक दुरुस्तीला नेहमी येतात. साठवणुकीला चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी. पाचव्या पिढीचा दुप्पट वेग खेळ उघडताना डोळ्यांना जाणवत नाही, तिची उष्णता मात्र बोटाला जाणवते.

एसएमपीएस हा सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि तो बिघडला तर इतरांना घेऊन जाण्याची क्षमता फक्त त्याच्यात. ५०८०साठी एनव्हिडिया ८५० वॉट सुचवते. प्रत्यक्ष खप पाचशे असताना ८५० कशाला, असा प्रश्न रास्त आहे. आधुनिक कार्ड सेकंदाच्या अगदी बारीक अंशात आपल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट वीज ओढते. एटीएक्स ३.० आणि त्यानंतरच्या मानकांचे एसएमपीएस हे हिसके सोसण्यासाठीच बनवलेले असतात. ८० प्लस गोल्ड हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नाही; तरी गोल्ड आणि दहा वर्षांची वॉरंटी एकत्र दिसली तर डोळे झाकून घ्यायला हरकत नाही.

कार्डाला वीज देणारे सोळा पिनांचे कनेक्टर जरा जवळून पाहण्यासारखे आहे. करंगळीच्या पेराएवढ्या रुंदीच्या या तोंडातून ६०० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते. बारा व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर. ते वाहून नेणाऱ्या पिना सहा, म्हणजे एकेकीवर आठ अँपिअरहून अधिक. पिनेची सोसण्याची ताकद त्याहून फार जास्त नाही. कनेक्टर दोन मिलिमीटर बाहेर राहिले किंवा केबल तोंडापाशीच वळवली की काही पिनांचा स्पर्श सैल होतो, उरलेल्यांवर भार जातो आणि प्लास्टिक वितळते. २०२२च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांवर असे प्रकार जगभर घडले, त्यानंतर १२व्ही-२×६ ही सुधारित रचना आली. उपाय कंटाळवाणा आहे: खटका ऐकू येईपर्यंत दाबावे, टॉर्च लावून फट पाहावी, पहिले चार सेंटिमीटर केबल सरळ ठेवावी.

महाराष्ट्रात यूपीएसचा विचारही याच वेळी करावा लागतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो; खेळ चालू असताना वीज गेली तर तोही तत्काळ मान टाकतो. अशा संगणकाला निदान हजार वॉट देणारा, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हवा, कारण एसएमपीएसमधल्या अॅक्टिव्ह पीएफसी सर्किटला ओबडधोबड लाटेची वीज नेहमीच मानवत नाही. आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवावे.

आता उष्णता. प्रोसेसरच्या सिलिकॉनपासून खोलीतल्या हवेपर्यंतच्या वाटेत पाच टप्पे असतात: सिलिकॉन, त्यावरचे धातूचे झाकण, थर्मल पेस्ट, कूलरचा तळ आणि शेवटी पाकळ्यांवरून वाहणारी हवा. पाणी यांपैकी फक्त शेवटच्या दोन टप्प्यांच्या मध्ये येते. ते उष्णता नाहीशी करत नाही, अरुंद जागेतून उचलून ऐसपैस जागेत नेऊन टाकते. त्याची ताकद आहे ती वाहून नेण्यात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेला सव्वा ज्यूलसुद्धा लागत नाही. साधारण साडेतीन हजार पटींचा हा फरक.

गंमत अशी की, हवेवर चालणाऱ्या कूलरमध्येही बहुतेक वेळा पाणीच काम करते. त्याच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आतून हवा काढून टाकून त्यांत थेंब-दोन थेंब पाणी सोडलेले असते. दाब कमी असल्याने ते कोमट तापमानालाच उकळते, वाफ वरच्या थंड टोकाला जाते, तिथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली झिरपते. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली लॉस अॅलामॉस इथे दाखवलेल्या या हीट पाइपला पंप लागत नाही, बिघडण्यासारखे त्यात काही नाही. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा सव्वा किलोहून वजनदार कूलर २०१४ साली आला आणि अजूनही बऱ्याच एआयओंच्या तोडीस तोड आहे. ९८००एक्स३डीसारख्या मवाळ प्रोसेसरला दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर पुरून उरतो. हे वाक्य पाण्याच्या हौशी मंडळींना रुचत नाही, पण तापमानाचे आकडे त्याच बाजूने आहेत.

याचे कारण प्रोसेसरच्या आकारात आहे. ९८००एक्स३डीचे आठही कोअर ज्या तुकड्यावर आहेत तो सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे टपाल तिकिटाहून कितीतरी लहान. पूर्ण भाराखाली शंभर वॉट त्यातून बाहेर यायचे असतात आणि वर जाड धातूचे झाकण. जुन्या एएम४चे कूलर बसावेत म्हणून एएम५चे हे झाकण मुद्दाम जाड ठेवले आहे. कोंडी होते ती इथेच, पाणी तिच्या पलीकडे वाट पाहत उभे असते. पाणी पस्तीस अंशांवर असतानाही सिलिकॉन सत्तरच्या घरात दिसते ते यामुळे. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट उलटी. ५०८०ची चिप ३७८ चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यावर झाकणच नाही. वॉटर ब्लॉकचा तांब्याचा तळ थेट सिलिकॉनला भिडतो. त्यामुळे ३६० वॉट टाकणारी ही चिप वाहत्या पाण्यापेक्षा दहा-पंधरा अंशच वर राहते. पाण्याचा खरा लाभ कार्डाला होतो. तरीही दहांतले नऊ जण प्रोसेसरला एआयओ लावतात आणि कार्ड हवेवर सोडतात, कारण एआयओ बसवायला अर्धा तास लागतो आणि कार्ड उघडायला धाडस.

एआयओ घ्यायचाच असेल, तापट प्रोसेसरसाठी तो घ्यावाच लागतो, तर ३६०चा घ्यावा. हा आकडा १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांचा. २८०चा, म्हणजे १४० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा रेडिएटरही वाईट नाही. त्याचे क्षेत्रफळ २४०पेक्षा एक तृतीयांशाहून जास्त भरते. बसवताना एकच नियम अत्यावश्यक आहे: पंप हा वर्तुळातला सर्वांत उंच बिंदू असता कामा नये. सीलबंद संचातही थोडी हवा असतेच आणि वर्षे जातील तसे नळ्यांच्या भिंतींतून पाणी सूक्ष्म प्रमाणात उडून जाते, हवा वाढते. ती नेहमी वरच्या टोकाला जमते. तिथे रेडिएटर असेल तर काही बिघडत नाही. तिथे पंप असेल तर तो आधी गुरगुरतो, मग कोरडा फिरतो आणि शेवटी बंद पडतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला की प्रश्न मिटला. एआयओचे आयुष्य पाच ते सात वर्षे धरावे.

स्वतः जुळवलेली रचना, जिला गेमर मंडळी कस्टम लूप म्हणतात, ती मात्र वेगळ्याच पातळीवरची उठाठेव आहे. तिचे भाग थोडे: प्रोसेसरचा ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, पंप, पाण्याची टाकी, एक किंवा अधिक रेडिएटर, नळ्या आणि फिटिंग. पंपांत डी५ हे नाव जवळपास सर्वत्र आढळते. जर्मनीच्या लाइंग कंपनीने तो घरातले गरम पाणी फिरवण्यासाठी बनवला होता. चार मीटरच्या आसपास पाणी चढवणारा, वर्षानुवर्षे न थकणारा. फिटिंगचे आटे बहुतेक सगळीकडे पाव इंचाचे, जी१/४ या मापाचे, त्यामुळे एका कंपनीचे फिटिंग दुसरीच्या ब्लॉकला बसते. या क्षेत्रातला इतका सलोखा संगणकाच्या इतर भागांत पाहायला मिळत नाही.

ब्लॉक उघडून पाहिला तर तांब्याच्या तळावर कोरलेल्या पाकळ्यांचा एक चौकोन दिसतो. पाकळ्या अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक आणि त्यांच्यातल्या फटीही तेवढ्याच. वरच्या पातळ पट्टीतल्या खाचेतून पाण्याची धार पाकळ्यांच्या मधोमध पडते आणि दोन्ही बाजूंना फुटून बाहेर जाते. पूर्ण रचनेतली सर्वांत अरुंद जागा हीच, आणि गाळ अडकतो तोही इथेच. दुधी किंवा मोतिया रंगाचे द्रव छायाचित्रांत देखणे दिसतात, पण त्यांतले रंगाचे कण काही महिन्यांत वेगळे होऊन या फटींत बसतात. पारदर्शक द्रव घ्यावा. रंगच हवा असेल तर नळ्या रंगीत घ्याव्यात.

धातूंची भेसळ हा दुसरा धोका. तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ती बॅटरीच होते आणि अॅल्युमिनियम झिजत जाते. बहुतेक एआयओंचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात, आतले रसायन ती झीज रोखून धरते. म्हणून जुन्या एआयओचा रेडिएटर काढून कस्टम लूपला जोडण्याची काटकसर अंगाशी येते. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा यांचे आपसांत पटते. पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड, त्यात गंजरोधक आणि शेवाळ न धरू देणारे औषध. किंवा सरळ तयार कूलंट. पेट्रोल पंपावरच्या बॅटरीच्या पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसते. आरओचे पाणी तर नकोच, त्यात क्षार शिल्लक असतात. शुद्ध पाणी वीज वाहत नाही हे खरे असले तरी धातूंच्या संगतीत ते फार दिवस शुद्ध राहत नाही. त्यामुळे वीज न वाहणारा द्रव या जाहिरातीवर विसंबून गळतीकडे दुर्लक्ष करू नये.

पाणी आधी कार्डात जावे की प्रोसेसरमध्ये, दोन्हींच्या मध्ये रेडिएटर असावा का, यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. गणित केले तर वाद संपतो. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ४०० वॉट उष्णता घेऊन ते सुमारे पावणेसहा अंशांनी तापते. चालू स्थितीतला पंप सहज साडेतीन-चार लिटर फिरवतो, म्हणजे फरक दीड अंशाचा. पूर्ण वर्तुळातले पाणी जवळपास एकाच तापमानाचे असते. नळ्या जिकडून आखूड आणि सुटसुटीत जातील तिकडून न्याव्यात; टाकी तेवढी पंपाच्या वर असावी.

रेडिएटर किती हवा याचा ठोकताळा असा: मंद पंख्यांवर १२० मिलिमीटरच्या प्रत्येक खणामागे शंभर वॉट. निवडलेल्या जोडीचे साडेचारशे-पाचशे वॉट धरले तर पाच खण, म्हणजे एक ३६० आणि एक २४०. एवढे दोन रेडिएटर मावतील अशी कॅबिनेटही मग लागते. २०१८ साली आलेली लिअन ली कंपनीची ओ११ डायनॅमिक या कामासाठीच गाजली आणि तिच्यासारख्या कितीतरी निघाल्या. कमी रेडिएटरवरही संगणक चालतो, पण पंखे जोरात पळवावे लागतात आणि मग पाण्याचा उपयोग काय? पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. शांतता हेच कस्टम लूपचे खरे उत्पन्न आहे. खेळातल्या फ्रेम त्याने दोन-चार टक्क्यांनी वाढल्या तरी पुष्कळ.

इथे हवामान मध्ये येते. परदेशी चाचण्या बहुधा एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात, आणि कोणताही रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही. खोली चाळीस अंशांवर असेल तर वरच्या पाच खणांच्या रचनेत पाणी बावन्न-पंचावन्नपर्यंत चढते. डी५ पंपाची मर्यादा साठ अंशांची. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही साठच्या पुढे मऊ पडू लागतात आणि फिटिंगमधून सरकतात. विदर्भात म्हणून नळ्या अॅक्रिलिकच्या, किंवा त्याहून चांगल्या म्हणजे काळ्या ईपीडीएम रबराच्या घ्याव्यात. रबर बागेतल्या पाइपसारखे दिसते, पण ते गळत नाही आणि फार काळ टिकते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो आणि पाण्याचे तापमानही तेवढेच उतरते. फक्त संगणक त्याच्या थेट झोतात नसावा, कारण झोताबरोबर क्षारयुक्त तुषार येतात. कोकण-गोव्यात तापमान सौम्य, पण हवा दमट आणि खारी. दमटपणामुळे नळ्यांवर दव धरेल ही भीती अनाठायी आहे. पाणी खोलीहून थंड होतच नाही, तर दव कशावर धरणार? खरा शत्रू धूळ. जाळीचे फिल्टर, आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात न कोंबणे, एवढ्याने निम्मे काम होते.

जोडणीत घाई चालत नाही. नवा रेडिएटर आधी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून घ्यावा. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स त्यातून निघतो. प्रत्येक फिटिंगमधली रबरी कडी जागेवर आहे ना हे बोटाने पाहावे. मग टाकी भरायची, पण मदरबोर्डला वीज द्यायची नाही: एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या प्लगला चाचणीचा छोटा जोडप्लग लावून फक्त पंप चालवायचा. पाणी खाली जाईल, टाकी रिकामी होण्याआधी पंप थांबवायचा, पुन्हा भरायची. हे पाच-सहा वेळा. पंपाला वंगण आणि थंडावा दोन्ही त्या पाण्याचेच, कोरडा फिरला तर काही मिनिटांत त्याचे बेअरिंग जाते. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून चोवीस तास असेच चालू द्यावे. ओला डाग दिसला तर कागद लगेच सांगतो. अधूनमधून कॅबिनेट पुढे-मागे तिरकी करायची, म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे टाकीत येतात. आता हवेचा दाब भरून गळती तपासणारे हातपंपही मिळतात. पाणी भरण्याआधीच खात्री होते, हा त्यांचा मोठा गुण.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नये, पाण्याच्या तापमानाला बांधावा. प्रोसेसर क्षणात वीस अंश उडी घेतो आणि पंखे उगाच ओरडतात. लिटरभर पाणी मात्र संथपणे तापते. पाचशे वॉटला ते एका अंशाने चढवायला आठ-नऊ सेकंद लागतात, आणि तापमान स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटे. पाच मिनिटांची चाचणी घेऊन निकाल जाहीर करणाऱ्यांचे आकडे म्हणूनच नेहमी गोड असतात. टाकीत बसणारा काही शे रुपयांचा सेन्सर हे काम करतो, मदरबोर्डवर त्याला जागा आहे ना एवढे खरेदीच्या वेळी पाहावे.

देखभाल वर्षातून एकदा: सर्वांत खालच्या बिंदूला लावलेल्या तोटीतून द्रव काढणे, ब्लॉक उघडून पाहणे, नवा भरणे. जुना द्रव मोरीत किंवा कुंडीत ओतू नये. त्यात इथिलीन ग्लायकॉल असू शकते; ते गोड असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि दगावतात.

खर्चाच्या बाजूने पाहता या रचनेचे दोन हिस्से पडतात. कार्डाचा ब्लॉक त्याच एका मॉडेलच्या सर्किट बोर्डसाठी कोरलेला असतो. त्यामुळे कार्ड घेण्याआधी त्याचा ब्लॉक मिळतो का आणि मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे त्या कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. कार्ड बदलले की तो ब्लॉक निरुपयोगी ठरतो. पंप, तांब्याचे रेडिएटर, टाकी आणि फिटिंग मात्र पुढच्या दोन-तीन संगणकांना पुरतात. पैसे खर्च करायचे ते यांच्यावर. ज्याला दर दोन वर्षांनी कार्ड बदलण्याची सवय आहे त्याने चांगला एअर कूलर, मोकळी हवेशीर कॅबिनेट आणि तीन पंख्यांचे कार्ड घेऊन उरलेल्या पैशांत मॉनिटर एक पायरी वरचा घ्यावा.